प्रसाद न घेता निघालेलं यान

माझे बाबा जेवतानाही टाइप करायचे. उजव्या हाताने भात कालवायचे आणि डाव्या हाताची चार बोटं ताटाच्या कडेवर टकटक करत राहायची. आई म्हणायची, "अहो, कढी निवतेय. ते पत्र नंतर धाडा." फोर्टमधल्या एका कंपनीत ते टायपिस्ट होते. कंपनी यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवायची, तिकडून मागवायची, आणि त्या सगळ्या मालाची पत्रं बाबांच्या बोटांखालून जायची. त्यांच्या टायपिंगमध्ये एक चूक काढून दाखवा, असं साहेब पैजेवर म्हणायचे म्हणे. निदान बाबा तसं सांगायचे. आमच्या बोरीवलीच्या दोन खोल्यांत दिवसभर आवाज असायचे. कुकरच्या शिट्ट्या, मागच्या पत्र्यांवर नॅशनल पार्कातून आलेल्या माकडांची धावपळ, समोरच्या शहाकाकूंच्या खलबत्त्याचे ठोके. पण मला आजही ऐकू येतो तो बाबांच्या बोटांचा आवाज. रेडिओवर, खिडकीच्या गजावर, कधी मी आजारी असले की माझ्या पाठीवर. मी विचारायचे, "काय लिहिलंत?" ते म्हणायचे, "मालाची खेप मिळाली, आभारी आहोत."

ह्या बोटांमुळे बाबांचं इंग्रजी आमच्या इमारतीत गाजलेलं होतं. चार मजली इमारत, बरीचशी बिऱ्हाडं लालबाग-परळ सोडून इकडे आलेली, मूळची कोकणातली. कोणाला विजेच्या बिलाची तक्रार करायची असो, कोणाच्या मुलाला नोकरीचा अर्ज करायचा असो, "परबांकडे जा" हे ठरलेलं. बाबा चष्मा लावायचे, कागद लांब धरायचे, "हं" म्हणायचे आणि सुवाच्य अक्षरात फॉर्म भरून द्यायचे. परबांनी भरलेल्या अर्जाला नोकरी लागते अशी ख्याती होती. नाही लागली तर दोष मुलाचा. मी तेरा वर्षांची होते. माझ्या वर्गात मीनल तावडे होती, सोसायटीच्या सेक्रेटरींची मुलगी. तिच्या बाबांकडे स्कूटर होती, माझ्या बाबांकडे इंग्रजी होतं. मी तिला सांगायचे, "आमचे बाबा दिवसभर ऑफिसात इंग्रजीच बोलतात. संध्याकाळी बोरीवलीला उतरले की मग मराठी सुरू." ह्यातलं काहीही बाबांनी मला कधी सांगितलेलं नव्हतं. पण मी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की माझा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

तिसऱ्या मजल्यावर गायकवाडकाका राहायचे. दिवसा पोस्टात नोकरी आणि संध्याकाळी रात्रशाळेत इंग्रजी शिकवायचे. ते बौद्ध. आमच्या इमारतीच्या पूजेला ते येत नसत, पूजेनंतरच्या सिनेमाला मात्र न चुकता येत, आणि वैशाखातल्या पौर्णिमेला त्यांच्या घरची खीर आमच्याकडे यायची. बाबांचा आणि त्यांचा रविवारी कॅरमचा डाव असायचा. इंग्रजी शिकवणारा माणूस इमारतीत असताना सगळे जण फॉर्म भरायला टायपिस्टाकडे का यायचे, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. आता पडतो. उत्तरही माहीत आहे, आणि लाज वाटते.

इमारतीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा माघातल्या एका रविवारी असायची. तळमजल्यावर दोन गाळे एकत्र करून हॉल केला होता, तिथे सकाळी पूजा, पोथी, आरती, प्रसादाचा शिरा आणि मग सिनेमा. शिरा सावंतकाकी करायच्या. रवा तुपात भाजायला लागला की वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत जायचा, आणि त्यात केळी पडली की आम्ही मुलं हॉलच्या दाराशी रांगेत उभी. सावंतकाकींना मालवण सोडून चाळीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोलण्याने मालवण काही सोडलं नव्हतं. सिनेमा दरवर्षी पडद्यावर असायचा, त्या वर्षी तावड्यांनी टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला. रंगीत टीव्ही. खिडक्यांना घराघरांतल्या चादरी लावून भरदुपारी अंधार केला. पूजेचा दिवस म्हणून एका संताचा सिनेमा ठरवला होता, कॅसेटच्या खोक्यावर टाळ-चिपळ्यांचं चित्रही होतं. म्हाताऱ्या बायका हात जोडून पुढे बसल्या. टीव्ही सुरू झाला आणि पडद्यावर काळंभोर आकाश, चांदण्या आणि घूं-घूं करत येणारं चंदेरी अंतराळयान.

तो सिनेमा आता जगभर अजरामर आहे. त्याची चित्रं छापलेले शर्ट घालून पन्नाशीतले पुरुष फिरतात. त्यातली यानं लाकडाची आणि पुठ्ठ्याची होती, तरी आजच्यांपेक्षा कशी सरस होती, यावर माझा मुलगा त्याच्या मित्रांशी तासन्‌तास वाद घालतो. मी नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तो पाहिलेला असणार आणि माझ्या हकिकतीत चुका काढत बसणार. एवढं मात्र सांगते, कॅसेट चुकून बदलली असं इमारतीतल्या तरुण मंडळींनी शपथेवर सांगितलं होतं, आणि त्यांच्यातला एकही जण ते सांगताना गंभीर राहू शकला नव्हता.

कॅसेटचं दुकान दुपारचं बंद. दुसरी कॅसेट नाही. तावडे घामाघूम झाले. बायका उठायला लागल्या तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अरे परब आहेत ना! परब, तुम्ही मराठीत सांगा." आणि चाळीस-पन्नास माणसांनी एका दमात माना वळवल्या. मी मीनलला कोपराने ढोसलं. बाबा "अहो, पण…" म्हणाले, तेवढ्यात त्यांच्यासाठी टीव्हीशेजारी खुर्ची मांडलीसुद्धा गेली होती.

सुरुवात ठीक झाली. बाबा म्हणाले, "आकाश आहे." सगळ्यांना पटलं. "यान चाललंय." तेही दिसत होतं. मग पांढऱ्या पोशाखातला कॅप्टन आणि एक दाढीवाला शास्त्रज्ञ यांचं बोलणं सुरू झालं, आणि ते संपेचना. "काय म्हणतायत?" तावड्यांनी विचारलं. बाबा घसा खाकरले. "कॅप्टन म्हणतोय, आपलं पत्र मिळालं." "आणि म्हातारा?" "तो म्हणतोय, मजकूर समजला." मग पडद्यावर तांब्याचा मुकुट घातलेला खलनायक आला. तो डोळे गरागरा फिरवत दोन मिनिटं ओरडत होता. बाबा एका सुरात म्हणाले, "मालाची खेप अद्याप पोचलेली नाही. त्वरित खुलासा करावा, अन्यथा पुढील कारवाई करणं भाग पडेल." मागून एका मुलाने विचारलं, "पुढील कारवाई म्हणजे काय?" तेवढ्यात खलनायकाच्या यानातून लाल किरण सुटले आणि एक अख्खा ग्रह फुटला. "ही," बाबा म्हणाले.

हॉल गार. अर्ध्या तासात सगळ्यांना कथानक व्यवस्थित कळलं होतं. कॅप्टनने माल भरला आहे, मुकुटवाल्याला तो वेळेत हवा आहे, आणि म्हातारा मधला दलाल आहे. "माल कसलो?" सावंतकाकींनी विचारलं. "सुटे भाग," बाबा म्हणाले. यानात एक लोखंडी यंत्रमानव होता, अगदी आमच्या घरच्या कपाटासारखा, बिनहातांचा, नुसती टूं-टूं बोलणारा. "ह्यां कपाट बोलतां कसां?" काकींनी विचारलं. "ते हिशेबनीस आहे," बाबा म्हणाले. मी अभिमानाने फुगून गेले होते.

पण पत्रव्यवहाराला मर्यादा असते. बाबांच्या जवळची पत्रं संपत आली, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर फार जोरात चालायला लागली आहेत. पडद्यावर त्या शास्त्रज्ञाने आपल्या मुलीपुढे एक वाटी धरली. तिने मान हलवली, वाटी बाजूला सारली आणि तरातरा निघून गेली. "तेणां काय दिल्यान तिका?" काकींनी विचारलं. त्याच हॉलमध्ये दोन तासांपूर्वी गुरुजींनी पोथी वाचली होती. प्रसाद न घेता गेल्यामुळे व्यापाऱ्याचं भरलेलं गलबत कसं बुडालं, हे बाबांच्या कानात ताजं होतं. ते बोलून गेले, "प्रसाद."

"आणि तिनी नाय घेतल्यान?"

"नाही घेतला."

आणि अगदी त्याच क्षणी आकाशातून येणारा एक मोठा खडक यानावर आदळला. लाल दिवे लागले, भोंगे वाजले, माणसं इकडून तिकडे फेकली गेली. हॉलमध्ये बायकांनी तोंडावर हात घेतले. काकी उभ्याच राहिल्या. "बगा! बगा! आता बुडतलां!" मग जे झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. सकाळी पूजेला दांडी मारून फक्त सिनेमाला आलेले पुरुष एकेक करून उठले आणि शिऱ्याच्या पातेल्याकडे गेले. मधुमेहाचं निमित्त सांगून शिरा टाळलेले तावडेसुद्धा गेले, आणि दोनदा गेले. व्हिडिओ थांबवला, पडद्यावर बुडतं यान थरथरत उभं राहिलं आणि पातेलं खरवडून रिकामं झालं. तरी रांग होतीच. काकींनी निवाडा दिला की तळाला चमचाभर प्रसाद उरलाय, त्यात नवा शिरा मिसळला की तोही प्रसादच. शेजारच्या सोसायटीच्या ऑफिसात विजेची शेगडी होती. आई आणि शहाकाकू रवा घेऊन तिकडे पळाल्या.

सिनेमा पुन्हा सुरू झाला तेव्हा माझं लक्ष गायकवाडकाकांकडे गेलं. ते मागे भिंतीला टेकून बसले होते आणि हसत होते. पण बाबांच्या बोलण्याला नाही. कॅप्टन काहीतरी म्हणाला की लगेच हसायचे, बाबांनी तोंड उघडायच्या आधी. आणि मग बाबा बोलायला लागले की मान खाली घालून मिशी दाबून धरायचे. ज्याला विनोद आधीच कळतो त्याला बोलणं कळतं, आणि बाबांनी तर अजून एकही विनोद सांगितला नव्हता.

तावड्यांच्याही ते लक्षात आलं. "गायकवाड, तुम्ही मघापासून भलत्याच ठिकाणी हसताय. परब बरोबर सांगतायत ना?"

गायकवाडकाकांनी बाबांकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना तशी विनवणी करत होते. पण रात्रशाळेत दमून येणाऱ्या माणसांना त्यांनी जन्मभर खरं तेच शिकवलं होतं. "नाही," ते म्हणाले. "यान काही प्रसादामुळे बुडत नाहीये. आमच्याकडे कुठे असतो प्रसाद? आमचं चाललंयच की बरं." थोडे लोक हसले. तावडे हसले नाहीत. "मग परब काय सांगतायत एवढा वेळ?"

बाबा उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "मला कळत नाही हे लोक काय बोलतात ते," ते म्हणाले. "लिहून दाखवलं असतं तर एक अक्षर चुकलो नसतो. पण बोललेलं कळत नाही. आमचे साहेबसुद्धा मला चिठ्ठी लिहूनच देतात. गायकवाड, तुम्ही सांगा पुढचं."

मीनल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मग तुझे बाबा दिवसभर ऑफिसात बोलतात काय गं?" तिला खरंच उत्तर हवं होतं, हे जास्त वाईट होतं. मी उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. बाबांशी आता कधीच बोलायचं नाही असं मी ठरवलं. त्यांना इंग्रजी येत नाही याचा मला राग नव्हता. मी दोन वर्षं जे सांगत फिरले होते ते त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून पाडलं, याचा होता. माझंच खोटं, आणि राग त्यांच्यावर. तेराव्या वर्षी मला हे फार न्याय्य वाटलं होतं.

गायकवाडकाका खुर्चीवर बसले आणि शब्दाला शब्द ठेवून सांगू लागले. "ते म्हणतायत, इंजिनाच्या तिसऱ्या कक्षातला दाब कमी झालाय. तो मोजायला पाहिजे."

"मग?"

"मोजतायत."

"मग?"

"मोजला. आता पुन्हा मोजतायत."

"आणि सुट्या भागांचं काय झालं?" मागून कोणीतरी विचारलं.

"सुटे भाग नाहीतच यात. हे संशोधनाला निघालेत."

हॉलमध्ये नाराजी पसरली. काकींनी शेवटची आशा धरली. "आणि ता वाटीत काय हुतां?"

"सूप होतं. तिला भूक नव्हती."

"सूप!" काकी म्हणाल्या. "सूप नको म्हटला म्हणान कोणाचां जहाज बुडतां काय?" त्या गायकवाडकाकांकडे अशा बघत होत्या की जणू काही सिनेमा त्यांनीच काढला होता. पाच मिनिटांत दोन म्हाताऱ्या घोरायला लागल्या. गायकवाडकाका वळून म्हणाले, "परब, या इकडे. मी शब्द सांगतो, तुम्ही गोष्ट सांगा. मलाही ती मघाची ऐकायचीय." बाबांनी नकारार्थी मान हलवली. ते खाली सतरंजीवर बसले होते आणि त्यांची बोटं मांडीवर अगदी स्वस्थ होती. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

पडद्यावर शेवट जवळ आला होता. कॅप्टन बाहेर एका खडकावर अडकला होता, शास्त्रज्ञ बेशुद्ध पडला होता, आणि यानात ती मुलगी एकटीच उभी होती. शेजारी कपाट टूं-टूं करत होतं. तेवढ्यात चित्र आक्रसत आक्रसत एक पांढरा ठिपका झालं आणि विझलं. पंखे थांबले. ऑफिसातून आईची हाक आली, "अगो बाय, शेगडी गेली!" प्रसादाच्या दुसऱ्या घाण्याने अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला होता. रविवारचा वायरमन मिळेना, आणि पाच वाजता व्हिडिओवाला आपलं सामान उचलायला येणार होता.

चादरी काढल्या. उन्हात सगळे डोळे बारीक करून बसले, पण उठलं कोणीच नाही. सावंतकाकी बाबांकडे वळल्या. "परबांनु, मगे काय झालां?"

"काकी, मी आत्ताच सांगितलं ना, मला येत नाही म्हणून."

"तां आमी ऐकलां. मगे काय झालां तां सांगा."

बाबांनी गायकवाडकाकांकडे पाहिलं. ते खुर्चीवरून उठले, खुर्ची बाबांच्या दिशेने सरकवली आणि म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? आता पडद्यावर कोणी बोलत नाहीये. आता तुमचं आणि माझं इंग्रजी सारखंच."

पुढची कितीतरी वर्षं इमारतीने पूजेला तोच सिनेमा मागून घेतला. त्या जागी आला की तावडे स्वतः उठून मेन स्विच बंद करायचे आणि खुर्ची मांडायचे. संताचा सिनेमा पुन्हा कोणाला आठवलाही नाही. त्यामुळे ह्या जगप्रसिद्ध सिनेमाचा खरा शेवट मी आजतागायत पाहिलेला नाही. मुलगा दरवर्षी लावून देतो म्हणतो, मी नको म्हणते. त्याच्या मते मी हट्टी आहे, आणि ते बरोबरच आहे. पण त्या पहिल्या दिवशी बाबा खुर्चीवर बसले नाहीत. ते सतरंजीवरच राहिले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "कॅप्टन बाहेर अडकला. म्हातारा बेशुद्ध. कपाटाला हात नाहीत. मग यान चालवणार कोण?"

"ती पोरगी," शहाकाकू रव्याचे हात घेऊन दारातून म्हणाल्या. "पण तिला येतं?"

"येत नाही," बाबा म्हणाले. "पण सगळ्यांना वाटत होतं की येतं. कोणीतरी एकदा म्हणालं असेल, आणि तिचं नाही म्हणायचं राहून गेलं. मग दिवस जातात, आणि नाही म्हणणं अवघड होत जातं. म्हणून बसली ती तिथे."

तावडे खाली बघत होते.

"समोर पुष्कळ बटणं होती. प्रत्येकावर काहीतरी लिहिलेलं होतं. वाचता येत होतं तिला. एकेक अक्षर वाचत, एकेक बटण दाबत निघाली. दोन-तीन चुकली. यान हेलपाटलं. मुकुटवाला हसला असेल. तरी निघाली." बाबा सगळ्या हॉलला सांगत होते, पण बघत होते दाराकडे, माझ्याकडे. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. बाबा तिथेच थांबले. कोणी काही विचारेना. मला माझा निश्चय चांगला आठवत होता, पण ती मुलगी तिकडे अंधारात एकटी होती आणि मला राहवेना.

"मग पोचली का?" मी विचारलं.

"पोचली," बाबा म्हणाले. "उशीर झाला तिला. पण घरचे जेवायचे थांबले होते."